आपली बाटली आपल्यासंगं

आमचे सासरे कुठंही जाताना स्वतःची बाटली घेऊन जातात. कुठंही म्हणजे अगदी कुठंही. आष्ट्याला मेव्हण्याच्या घरभरणीला गेले, तेव्हा आहेराच्या टॉवेल-टोपीखाली बाटली होती. माझ्या मुलीच्या बारशाला आले, तेव्हा झबल्या-टोपड्याच्या पिशवीत बाटली होती आणि ती पिशवी माझ्या आईनं उघडली होती. त्यानंतर आमच्या घरात काय झालं ते इथं सांगत नाही.

एकदा त्यांचा वाढदिवस म्हणून मी त्यांना सांगलीतल्या एका बऱ्यापैकी हॉटेलात नेलं. वेटरनं मेनूकार्ड पुढं केलं. सासऱ्यांनी ते न उघडताच बाजूला सारलं आणि पिशवीतनं आपली बाटली काढून टेबलाच्या मधोमध ठेवली.

"साहेब, बाहेरची चालत नाही," वेटर म्हणाला.

"मंग आतली तू पी, बाहेरची मी पितो. भांडाण कशाला?"

मॅनेजरची माफी मी मागितली. मामांच्या वतीनं माफी मागणं हे जावई म्हणून माझं कायमचं काम आहे.

मामा म्हणजे रिटायर सुभेदार हिंदुराव. आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात आणि सासूला मामी. पाटणच्या वरच्या अंगाला त्यांचं गाव. उभी हयात पलटणीत गेली. अजूनही घरात कुणी कुठं निघालं की ते 'मूव्हमेंट' म्हणतात, जेवणाला 'राशन' म्हणतात, आणि एस्टी स्टँडवर इतक्या लवकर पोचतात की बऱ्याचदा आधीचीच गाडी अजून उभी असते. बूट असे चकाकतात की त्यात बघून दाढी करावी. मी चष्म्याचं दुकान चालवतो, पण मला अजून माझ्या काचा तेवढ्या लख्ख पुसता आलेल्या नाहीत.

बाटलीच्या बाबतीत त्यांचे दोन नियम. दुसऱ्याची घ्यायची नाही आणि आपल्यातली द्यायची नाही. कुणी आग्रह केला की ठरलेलं उत्तर, "आपली बाटली आपल्यासंगं. दुसऱ्याच्या बाटलीत काय आसतंय, कुणी बघितलंय?" आणि कुणी मागितलीच तर, "राशन मापात हाय गड्या." माझे चुलत मेव्हणे लग्नाकार्यात त्यांच्या मागं मागं फिरायचे. मिलिटरीची रम म्हणजे त्यांना अमृत. पण कुणाला त्यातला एक थेंब मिळाला नाही. इतका चिक्कू फौजी मी पाहिला नव्हता.

आणि मामी! मामांनी ग्लास हातात घेतला रे घेतला की त्या चार लोकांत येऊन उभ्या राहणार. "बसलं बगा ढोसाय! लाज न्हाई, लज्जा न्हाई. जावयाच्या म्होरं तरी सोडा!" मामा खाली मान घालून ऐकणार, मंडळी हसणार, आणि मी मात्र कानकोंडा होऊन दुसरीकडं बघणार.

अशा माणसाला घेऊन बोटीवर जायचं माझ्या बायकोनं, अश्विनीनं ठरवलं. मुंबईहून गोव्याकडं जाऊन परत येणारी मोठी बोट. आबांनी आयुष्यभर डोंगर बघितले, एकदा समुद्र बघू दे, असं तिचं म्हणणं. वडिलांना ती आबा म्हणते. बोटीच्या नियमांत ठळक अक्षरांत लिहिलं होतं की बाहेरील मद्य आणण्यास मनाई आहे. मी ते मामांना फोनवर वाचून दाखवलं.

"मद्य म्हंजे?"

"दारू, मामा."

"मंग दारू लिवायचं की. मद्य म्हणल्यावर माणसानं वळखायचं कसं?"

"मामा, बोटीवर सगळं मिळतं. तुम्हाला पाहिजे ती मिळेल."

"मिळत आसंल. पर आपली न्हवं ती."

आम्ही सांगलीहून गाडी काढली आणि कराडात मामा-मामींना घेतलं. मामा कधीपासून रस्त्याच्या कडेला उभे होते कुणास ठाऊक. साताऱ्याला चहाला थांबलो, तेव्हा मी मन घट्ट करून त्यांच्या बॅगेत हात घातला. घडी केलेल्या कांबळ्यात बाटली निघाली.

"मामा, ही इथंच राहणार. गाडीच्या डिकीत."

"ऱ्हाऊ द्या," मामा म्हणाले.

वाद नाही, कुरकुर नाही. मला तिथंच शंका यायला हवी होती. पण मी इतका खूश झालो की वर त्यांना भजी खायला घातली. त्यांनी कोरा चहा घेतला आणि साताऱ्याच्या पोलीस परेड ग्राउंडाबद्दल काहीतरी सांगत बसले.

मुंबईला बंदरावर ही मोठी रांग. मामांनी रांगेतच दोस्त जमवले. एक लातूरचे आडत दुकानवाले, त्यांना सगळे शेटजी म्हणत होते. दुसरे नागपूरकडचे रिटायर फौजदार. मामांनी दोघांना पलटणीतल्या गोष्टी सांगायला सुरुवात केली, तेवढ्यात त्या दोघांचा नंबर लागला आणि ते आत गेले. जाता जाता शेटजी ओरडले, "सुभेदार, संध्याकाळी वरच्या डेकवर या बरं का! बसू जरा!"

"येतो की! माझं मी घिऊन येतो!" मामांनी इकडून हात वर केला.

मग सामान तपासायच्या यंत्रात एक बॅग अडकली. ती माझी होती.

तपासणीला एक तरणी मुलगी होती. तिनं माझे शर्ट बाजूला केले आणि खालून शेकायची रबरी पिशवी काढली. गच्च भरलेली. मी ती पिशवी जन्मात पाहिली नव्हती. मी मामांकडं पाहिलं. मामा छताकडं पाहत होते.

"मामा, हे काय?" मी दातओठ खात विचारलं.

"जावयाच्या बॅगंला कोन हात लावतंय, आसं वाटलं," मामा पुटपुटले.

माझ्या मागं सांगलीतल्याच एक बाई उभ्या होत्या. माझ्या दुकानातनं चष्मा नेलेल्या. तो चष्मा डोळ्यांवर नीट बसवून त्या माझ्याकडं बघत होत्या. त्या मुलीनं झाकण उघडलं, नाक लावलं. कपाळाला आठ्या घातल्या. पुन्हा नाक लावलं. शेजारच्या माणसाला वास दिला. त्यानंही मान हलवली.

"सर," ती म्हणाली, "ये तो चाय है."

रांग हसली. शेकायच्या पिशवीत चहा लपवून नेणारा माणूस म्हणून मी त्या बंदरावर उभा होतो. तिनं सांगितलं की चाय हो या शरबत, बाहर का कुछ नहीं चलेगा, आणि सगळा चहा मोरीत ओतून रिकामी पिशवी माझ्या हातात दिली.

मामांना राग यायला हवा होता. पण ते घाबरले होते. घाबरलेले मामा मी पहिल्यांदाच पाहिले. त्यांनी माझा दंड धरला आणि हळूच विचारलं, "शेटजी आन फौजदार पुढं गेल्यात न्हवं? त्यास्नी ऐकू तर न्हाई गेलं?"

मामीही काही बोलल्या नाहीत. एरवी एवढ्यावर त्यांनी अर्धा तास काढला असता.

माझं डोकं इतकं तापलं होतं की मी बोट सुटेपर्यंत मामांशी बोललो नाही. मला खात्री होती की चहा ही हूल आहे. खरा माल दुसरीकडं कुठंतरी आहे आणि तो आता माझ्या मुलीच्या दप्तरात सापडणार.

संध्याकाळी अश्विनी मुलीला घेऊन पोहायच्या तलावाकडं गेली. जाताना म्हणाली, "आबांना बोट लागलीय. पडून आहेत. जरा बघून ये."

बोट लागलीय? ज्या माणसाला कुंभार्ली घाटात कधी एस्टी लागली नाही त्याला? मी तडक त्यांच्या खोलीत गेलो. मामा अंथरुणावर पडले होते खरे, पण इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना तेल लावून. चकचकीत बूट पलंगाखाली जोडीनं ठेवलेले. मामी खुर्चीत बसून खिडकीतनं पाणी बघत होत्या.

"मामा, आता सांगा. खरी बाटली कुठं आहे?"

मामांच्या आधी मामीच वळल्या.

"खरी न्हाईच, जावईबापू. लय वरसं झाली. थेंब न्हाई त्यांच्या पोटात."

मामी सांगू लागल्या. मामांचं पोट दुखायचं म्हणून मिरजेच्या डॉक्टरांना दाखवलं होतं. डॉक्टर म्हणाले, लिव्हर खराब आहे, आज सोडा नाहीतर पोरीला बोलावून घ्या. मामांनी त्याच दिवशी सोडली. अश्विनीला तेव्हा सातवा महिना लागला होता. तिच्या जिवाला घोर नको म्हणून तिला कळवलं नाही आणि मग ते कळवायचं राहूनच गेलं.

"मग ही बाटली? ते बारसं, ती घरभरणी, ते हॉटेल?"

"च्या," मामी म्हणाल्या. "कोरा. मीच करती."

"आणि साताऱ्यापासून डिकीत आहे ती?"

"ती बी च्याच. आंबला आसंल आत्तापातूर."

मी पलंगाच्या कडेवर बसलो. कितीतरी वर्षं मी या चहापायी लोकांच्या माफ्या मागत आलो होतो.

"पण का, मामा? सोडली तर सोडली म्हणून सांगायचं. लोकांनी कौतुक केलं असतं!"

मामा उठून बसले. भिंतीकडं बघतच बोलले.

"कौतिक केलं की. पाटणला आमी पलटणीतली समदी गडी शनवारी बसायचो. पयल्या शनवारी म्हणलं, सोडली. टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या खेपंला चेष्टा केली. मंग त्यास्नी बी जड झालं आसंल. मी नुसता बसलोय, ती पित्यात. एका शनवारी मी चांगली कापडं घालून वट्ट्यावर बसलो. त्यांची जीप आली आन दारावरनं तशीच गेली. हॉर्न सुदीक वाजवला न्हाई. दारू सुटली ओ जावईबापू. त्याचं कायबी वाटलं न्हाई. पर माणसं न्हाई सुटत."

"मंग म्हनं, रिकाम्या बाटलीत च्या भरून दे," मामी म्हणाल्या. "मी भरून दिली. आन म्हनं, वाईच शिव्या बी दे लोकांत. न्हायतर खरं वाटायचं न्हाई."

"त्या शिव्या खोट्या होत्या?"

"व्हय," मामी म्हणाल्या आणि पदर सारखा करून पुढं म्हणाल्या, "समद्या न्हाईत."

वरच्या डेकवर शेटजी वाट बघत असणार. मामांनी त्या दिशेला एकदा पाहिलं आणि पुन्हा आडवे होऊ लागले. सहलीचे उरलेले सगळे दिवस हा माणूस इस्त्रीचा शर्ट घालून या खोलीत पडून काढणार, हे मला दिसलं. मला त्यांचा राग आला. मग त्या जीपवाल्यांचा आला. मग कुणाचा आला कळलं नाही, पण मी उठलो आणि टेबलावरच्या विजेच्या किटलीत पाणी ओतलं.

खोलीत चहाच्या पुड्या ठेवलेल्या होत्या. होत्या तेवढ्या सगळ्या मी पाण्यात बुचकळल्या.

"आवं, किती काळा करताय!" मामी पुढं आल्या. "त्यो काय काढा हाय? हाटा बाजूला. रम उजेडात धरली की लालसर दिसती." त्यांनी किटली माझ्या हातातनं घेतली, पाणी वाढवलं, ग्लासात ओतून खिडकीशी धरलं, पुन्हा वाढवलं. मग ग्लास नळाखाली धरून चहा गार केला आणि पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरला. इतक्या मन लावून चहा करताना मी त्यांना घरी कधी पाहिलं नव्हतं.

बाटली टॉवेलात गुंडाळून वर नेण्याचं काम माझ्याकडं आलं. जिन्यात एका वेटरनं अडवलं. "सर, बाहर का अलाउड नहीं." मी छाती पुढं काढून म्हणालो, "दवाई है. ससुरजी की." आणि चालू लागलो. मला अशी मुजोरी करता येते, हे मलाच ठाऊक नव्हतं.

मामांना बघून शेटजींनी आरोळी ठोकली. "या सुभेदार! आमच्यातली घ्या."

"छ्या! आपली बाटली आपल्यासंगं," मामा म्हणाले आणि खुर्ची ओढून ऐटीत बसले.

मग मामा रंगले. बर्फातल्या चौकीवर अस्वलानं स्वैपाकघरात शिरून गुळाची ढेप कशी पळवली आणि सगळी पलटण बिनगुळाच्या चहावर कशी राहिली, ते त्यांनी अस्वलाच्या चालीसकट करून दाखवलं. फौजदारांना हसून हसून ठसका लागला. ग्लासागणिक मामांचा आवाज चढत होता, जीभ जड होत होती, आणि मी स्वतः तो चहा उकळलेला असूनही मला एकदा वाटलं, आत दुसरं काही नाही ना? मामी वेळेवर येऊन कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "झालं का सुरू? समींदरात बी सुदरंना हे!" शेजारच्या टेबलावरची माणसंसुद्धा हसली. या वेळी मी दुसरीकडं बघितलं नाही.

जेवणाची वेळ झाली तेव्हा मामा उठले आणि झोकांडी खाल्ली. शेटजी धरायला पुढं आले. "तुमी बसा, माझा जावई हाय की," मामा म्हणाले आणि माझ्या खांद्यावर सगळा भार टाकला. आम्ही दोघं डुलत डुलत निघालो. मागनं शेटजी ओरडले, "उद्या पण यायचं हां सुभेदार!"

"येतो! येतो!" मामांनी मागं न बघता हात हलवला.

जिना उतरून आम्ही खालच्या बोळात वळलो. तिथं कुणी नव्हतं. नुसती बंद दारं आणि खालून येणारी इंजिनाची घरघर. मामा सरळ झाले. पावलं नेहमीसारखी ताठ पडू लागली.

पण माझ्या खांद्यावरचा हात त्यांनी काढला नाही. खोलीच्या दारापर्यंत तो तिथंच होता.