झुळूक नावाचं अक्षर

एका जंगलात, बाळांनो, सगळ्या प्राण्यांना वाचता येत होतं. त्यामुळे तिथं झाडांपेक्षा पाट्या जास्त होत्या.

पाट्यांवरची अक्षरं अस्वलाच्या वळणाची. जाडजूड, ताठ उभी. काटेराव साळिंदराला ती बघवत नसत. त्यानं घरी बसून नवा फॉन्ट काढला. अक्षरं किंचित तिरपी, वळताना बारीक होणारी, टोकाला गवताच्या पात्यासारखी निमुळती. नाव ठेवलं 'झुळूक'.

त्याच्या बायकोनं, सगुणानं, ती अक्षरं पाहिली. "अहो, ही पडायला आलीत."

"पडत नाहीत, झुकलीत. याला डौल म्हणतात."

"मग डौलाला टेकू द्या की."

काटेराव फुरंगटून बसला. पण मोराच्या लग्नपत्रिकेवर झुळूक झळकली आणि त्याचं नशीब फळफळलं. पत्रिका न मिळालेलेसुद्धा लग्नाला आले. मग सिंहानं याच अक्षरात फर्मान काढलं, 'उद्या दुपारी एक ससा खाल्ला जाईल. सहकार्य अपेक्षित.' सशांनी ते फ्रेम करून बिळात लावलं.

पुढं नदीकाठच्या पाटीचं काम आलं. 'येथे मगर आहे. पाण्यात उतरू नये.'

"ही तरी जाड, उभी लिहा," सगुणा म्हणाली. "जिवाशी खेळ आहे हो."

"भीतीसुद्धा सुबक असावी," काटेराव म्हणाला. हे वाक्य त्याला इतकं आवडलं, की त्यानं ते पुन्हा म्हणून पाहिलं.

पाटी लागली. चंद्री हरिणी आली. "अगबाई, काय देखणी पाटी! आत खाण्यापिण्याची सोय असणार," म्हणत ती पाण्यात उतरली. काटेराव शेजारीच उभा होता. पण कौतुक ऐकताना माणसाला, म्हणजे साळिंदराला, भान राहत नाही. किंकाळी ऐकू आली तेव्हा तो भानावर आला. चंद्री कशीबशी सुटली, पण मागच्या पायानं कायमची अधू झाली.

त्या दिवशी काटेरावाला घास गेला नाही. "सगुणे, मी कलावंत नाही. गाढव आहे."

"गाढव पाटी वाचून परत फिरलं," ती म्हणाली. "त्याला अक्षरातलं काही कळत नाही."

सकाळी तो कोळसा घेऊन नदीवर गेला. जुन्या अक्षरांवरच त्यानं 'मगर' जाड लिहिलं, उभं लिहिलं. पण 'र'ची शेपटी हातून जराशी झुकलीच. "वा!" तो स्वतःशी म्हणाला आणि लांबून कशी दिसते ते बघायला मागं सरकला.

मागं नदी होती.

मगरीनं त्याला तोंडात धरलं, काटे टोचले तसं काठावर थुंकलं. तो तिथंच पडून राहिला. मगर पाटीकडे बघत होती.

"आधीचीच अक्षरं राहू द्या ना," ती म्हणाली. "त्यांनी माझ्याकडची वर्दळ वाढली."

"शक्य नाही!" काटेराव ओरडला. "एकीचा पाय गेलाय!"

"खाली तुमचं नाव घालू. 'अक्षररचना : काटेराव'."

काटेरावानं नाकातलं पाणी शिंकरलं. इकडंतिकडं पाहिलं.

"नाव जरा जास्त तिरपं चालेल?" त्यानं विचारलं.

तात्पर्य : धोक्याची पाटी नेहमी सुंदर अक्षरात असावी. वाचणारा वाचला नाही, तरी लिहिणाऱ्याचं नाव वाचलं जातं.