दगडाचा मोबदला

बुलढाणा जिल्ह्यात लायकेन ओळखणारा माणूस एकच आहे आणि तो मी! यात गर्व वगैरे काही नाही, कारण दुसऱ्या कुणाला ते ओळखायचंच नसतं. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. स्टाफरूममध्ये मी लायकेन हा शब्द उच्चारला की लोक घड्याळ बघतात. मराठीत त्याला शैवाक म्हणतात असं सांगितलं, तर उठूनच जातात. शेवटी मी म्हणतो, "अहो, दगडफूल! दगडावर, झाडाच्या सालीवर चिकटलेली ती खपली असते ना, ते!" मग सगळ्यांचे चेहरे उजळतात आणि कुणीतरी हमखास विचारतं, "मसाल्यातलं? मग आणा की किलोभर, तायडे सर!"

असा संताप होतो! जी वस्तू नखाएवढी वाढायला वर्षानुवर्षं घेते, तिचं यांना कालवण करायचंय! आमचे प्राचार्य तर त्याहून पुढचे. "तायडे, खपल्या कसल्या शोधता? कॉलेजच्या तपासणीच्या फायली शोधा," असं त्यांनी मला भर मीटिंगमध्ये सुनावलं होतं.

तर या सगळ्यांच्या नाकावर टिच्चून मी यंदा अमडापूरच्या पुढे, वामनराव नावाच्या शेतकऱ्याच्या बरडावर, एक दुर्मीळ लायकेन शोधून काढलं! बरड म्हणजे नुसता मुरूम आणि दगड. तिथे कुसळाशिवाय काही येत नाही. पण एका मोठ्या काळ्या दगडाच्या सावलीकडच्या अंगाला तळहाताएवढी राखाडी खपली होती, कडेने बारीक काळी झालर असलेली. भिंगातून ती पाहिली, पुन्हा पाहिली. फोटो पुण्याला पुष्पांजली मॅडमना पाठवला. लायकेनमध्ये त्यांचा शब्द शेवटचा! लगेच फोन आला.

"सर, हे विदर्भात कुणी पाहिलेलं नाही! बोट लावू नका! एवढं एकच आहे, खरवडलं तर संपेल. मी रविवारी येते. जागेवर माझ्या डोळ्यांनी पाहिलं की नोंद करू. शोधणारे म्हणून नाव तुमचं!"

माझं नाव! आणि मग ती बातमी प्राचार्यांना स्वतःच्या हाताने नोटीस बोर्डावर लावावी लागणार होती. मी तर टाचण्याही विकत आणून ठेवल्या.

मी काम पद्धतशीर करतो. दुसऱ्याच दिवशी बरडावर गेलो, दगडाभोवती बांबूच्या काड्यांना लाल झेंड्या लावून रोवल्या, टेपने अंतरं मोजली, मोबाइलवर अक्षांश-रेखांश घेतले आणि दगडाच्या एका कोपऱ्यावर पांढऱ्या रंगाने आकडा टाकला. तेवढ्यात वामनराव आले.

"काय मोजून राह्यले सर?"

"नोंद घेतोय."

"कायची?"

"या दगडाची."

वामनरावांनी दगडाकडे पाहिलं, झेंड्यांकडे पाहिलं. "अन् हे नोंद जाते कोठी?"

"आधी पुण्याला. मग आणखी वर."

"मंग मोठे सायब येतीन पाहाले?"

"रविवारी. त्यांनी जागेवर पाहिलं की पक्कं!"

वामनरावांनी टोपी सरळ केली आणि झोपडीकडे तोंड करून ओरडले, "अवं, सरायले चाय मांड! दूध जास्त टाक!" मला वाटलं, या तालुक्यात एक तरी विज्ञानप्रेमी माणूस सापडला. झुंबरबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, चहा खरोखर फक्कड केला होता.

आता मला सांगा, मी मूर्ख आहे का? आहे! कारण आमच्या भागातल्या माणसाला टेप, लाल झेंडी आणि दगडावर पांढरा आकडा एकत्र दिसला की त्याला एकच गोष्ट कळते: रस्ता येतोय! रस्ता आला की जमीन जाते आणि जमीन गेली की मोबदला येतो. आणि मोबदल्यात झाड वेगळं धरतात, विहीर वेगळी, शेड वेगळी. हे इथल्या शेंबड्या पोराला ठाऊक आहे. ठाऊक नव्हतं ते वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाला!

आठवड्याच्या मध्यात मी दगडाची खुशाली बघायला गेलो, तर बरडावर बाग झाली होती! मुरमात पहार मारून लिंबाची रोपं रांगेत लावली होती. मागच्या खेपेला जिथे नुसते सरडे फिरत होते तिथे पत्र्याचं शेड उभं. शेडच्या बाजूला बोअरचा पाइप. मी पाइपला हात लावला तर तो आडवाच झाला, कारण खाली बोअर नव्हतं! चार दगड रचून नुसताच उभा केला होता.

आणि माझ्या झेंड्या? त्या शेजारी जानरावच्या तुरीत, ओळीने रोवलेल्या!

डोकंच फिरलं माझं. "कोण आहे रे तिकडे? माझ्या झेंड्या कुणी उपटल्या?"

जानराव धुऱ्यावर, म्हणजे मधल्या बांधावर, आला. "म्या काई नाई केलं सर. हवेनं उडाल्या."

"हवेनं उडून रांगेत रोवल्या गेल्या?"

"हवा सरळ होती."

वामनराव मागून धावत आले. "खोटं बोलते थो! ह्यानं माह्या बरडातला रोड चोरला, सर!"

"रोड? कुठला रोड? कोणताही रोड येत नाहीये!" मी किंचाळलो. तुरीतले पक्षी उडाले.

वामनरावांनी डोळा मारला. "समजलं. तुमाले बोलता येत नसन. वरून आर्डर असन."

"मांगच्या टायमालेबी पह्यले असंच म्हनत होते," जानराव म्हणाला. "रोड नाई, रोड नाई. अन् आला."

"अहो, मी कॉलेजचा मास्तर आहे!"

"तेच तं! जनगननेले मास्तर, इलेक्शनले मास्तर, मंग रोडले काऊन नाई?"

मी त्या दोघांना आणि झुंबरबाईंना ओढत दगडापाशी नेलं आणि लायकेन दाखवलं. "हे! यासाठी मोजत होतो! हे जगात फार थोड्या ठिकाणी आहे!"

झुंबरबाई वाकल्या आणि सरळ झाल्या. "हे तं दगडफूल होय. किरान्यात पुडी भेटते. याच्यासाठी कोनी पुन्याहून येते काय? मले काय येडी समजता?"

रागात माझं प्रमाण मराठी सुटतं. "ऐका!" मी म्हणालो. "या दगडाले कोनी हात लावला, तं माह्याशी गाठ हाय! रविवारपर्यंत हा दगड इथून हलता कामा नये!"

बोलून निघालो आणि रस्ताभर स्वतःवर खूश होतो. कसा दम भरला! मागे त्यांनी काय अर्थ काढला ते मला फार उशिरा कळलं. ज्या अर्थी सर एका दगडासाठी एवढे तापले, त्या अर्थी रस्ता बरोबर तिथूनच जाणार. आणि दगड दिसले तर जमीन बरड म्हणून लागणार. दगड नसले तर बागायत! बरडाचा भाव आणि बागायतीचा भाव यांतला फरक वामनरावांना माझ्या लायकेनपेक्षा कितीतरी चांगला कळत होता.

रविवार उजाडला. मॅडम आदल्या संध्याकाळीच बुलढाण्यात मुक्कामाला आल्या होत्या. त्या जीपने मागून येणार होत्या. मी ठेवणीतली राखाडी पॅन्ट घालून स्कूटरवर पुढे निघालो. बरडाच्या वळणावर आलो आणि कानावर घरघर आली. पाहतो तर जेसीबी! बरडावरचे दगड उचलून उचलून नाल्यात टाकत होता, आणि त्याचा पिवळा हात माझ्या दगडापाशी पोचला होता!

स्कूटर कुठे पडली, चप्पल कुठे गेली, मला काही माहीत नाही. मी धावलो. "थांब! थांब बे!" असं ओरडत मी जेसीबीच्या तोंडासमोर गेलो आणि धप्पकन त्या दगडावर बसलो. ड्रायव्हर गोपालने मशीन बंद केलं.

"सर, उठा," वामनराव म्हणाले.

"नाही उठणार!"

"मशीन तासावर हाय सर! मीटर चालू हाय!"

"चालू द्या! माझ्या अंगावरून चालवा! पण हा दगड हलणार नाही!" प्रत्येक वाक्यागणिक मी त्वेषाने उठत होतो आणि पुन्हा धप्पकन बसत होतो. रागावलेला माणूस स्वस्थ बसू शकत नाही. तुम्ही करून बघा.

गाव जमलं. ऑक्टोबरचं ऊन. दगड तव्यासारखा तापलेला. झुंबरबाईंना दया आली. "सर, लय पोळत असन. हे पोतं तरी घ्या बुडाखाली."

"नको मला तुमचं पोतं!" मी इकडून तिकडे सरकत म्हणालो. "लोकहो, तुम्हाला लाज वाटत नाही? जे तुमच्या आज्यापणज्यांच्या आधीपासून इथे आहे, ते तुम्ही एका खोट्या रस्त्यासाठी नाल्यात टाकता?"

हे भाषण जानरावला भलतंच आवडलं. वामनरावांची जमीन बागायत होऊ नये हीच त्याची इच्छा. "हटू नका सर! बरडाले बरडच राहू द्या! रोड इकडून घ्या, माह्या तुरीतून!" आणि त्याने घोषणा सुरू केली, "तायडे सर, आगे बढो!" पोरांनी ती उचलून धरली. मी बसलेलो होतो. बढणार कुठे?

शेवटी जीपचा आवाज आला. पुष्पांजली मॅडम उतरल्या. गळ्यात भिंग, खांद्याला पिशवी. गर्दी बाजूला झाली. वामनरावांनी हात जोडले, जानरावने त्याहून वर जोडले.

मी उठलो. ऊर भरून आला होता. एकट्या माणसाने जेसीबी थोपवला होता! "या मॅडम," मी म्हणालो. "एवढ्या लोकांशी लढून वाचवलंय. हे पाहा!" आणि मी दगडाच्या सावलीकडच्या अंगाकडे बोट केलं.

तिथे ओली माती होती. लायकेन नव्हतं.

मी दुसऱ्या बाजूला गेलो. नव्हतं. तिसऱ्या बाजूलाही नव्हतं. "कोणी काढलं? कोण आहे तो हलकट?"

"सर," गोपालने जेसीबीवरून खाली वाकून सांगितलं, "तुम्ही यायच्या आंधी म्या त्याले एक पलटी मारली होती. त्याची बाजू आता वरतं झाली."

सगळ्यांनी वर पाहिलं. म्हणजे मी सकाळपासून जिथे बसलो होतो तिथे. दगड पुसून काढल्यासारखा स्वच्छ होता.

मॅडम सावकाश म्हणाल्या, "तायडे सर, जरा पाठमोरे व्हा."

मी झालो. त्या गुडघ्यांवर बसल्या. भिंग डोळ्याला लावलं. सगळं गाव श्वास रोखून पाहत होतं आणि पुण्याची विदुषी माझ्या पार्श्वभागाचं बारकाईने निरीक्षण करत होती! "हलू नका," त्या म्हणाल्या. "कडेची काळी झालर दिसतेय. थेंब टाकते."

लायकेन ओळखायची ही रीतच आहे. त्यावर ब्लीचचा थेंब टाकायचा आणि रंग बदलतो का पाहायचं. मला मागे गार लागलं.

"व माय! लाल झालं!" झुंबरबाई ओरडल्या.

"तेच आहे!" मॅडम टाळ्या वाजवत उठल्या. "अभिनंदन, सर! विदर्भातली पहिली नोंद!" मग त्यांचा चेहरा गंभीर झाला. "आता काढा."

"काय काढा?"

"पॅन्ट. उन्हाने कुरकुरीत झालंय, खरवडलं तर पीठ होईल. आहे तशीच अख्खी न्यावी लागेल."

"मॅडम!" माझा पुन्हा भडका उडाला. "हे दगडावर होतं! माझ्याकडे फोटो आहे! जागेची मापं आहेत!"

"पण मी ते दगडावर पाहिलं नाही ना, सर. मी जे जिथे पाहिलं तेच लिहिणार. तुम्ही विद्यार्थ्यांना वेगळं शिकवता का?"

वेगळं शिकवत नाही! हेच शिकवतो! प्रात्यक्षिकाच्या प्रत्येक तासाला, टेबल आपटून!

झुंबरबाईंनी शेडमधून वामनरावांचं धोतर आणून दिलं. मी शेडमागे जाऊन ते गुंडाळलं. निदान ते शेड तरी कामाला आलं. बाहेर आलो तर मॅडम माझी पॅन्ट तान्हं बाळ धरावं तशी दोन्ही हातांवर घेऊन जीपकडे चालल्या होत्या. वामनराव माझ्याजवळ सरकले आणि हळूच म्हणाले, "सर, खरं सांगा. पुन्याचे लोकं सर्वेवाल्याची पँट जप्त करून राह्यले, म्हंजे रोड क्यान्सल झाला काय?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. आठवडाभर घसा फोडून मी जे सांगत होतो, ते त्यांना माझ्या पॅन्टने पटवलं होतं.

"हो," मी म्हणालो. "झाला क्यान्सल."

"मंग म्या शेड काढतो. पत्रे उसने हायेत," ते म्हणाले आणि जेसीबी परत पाठवायला गेले. जानरावने झेंड्या न मागता आणून दिल्या.

घरी पोचलो. माझ्या बायकोने, समताने, दार उघडलं, मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "नोंद झाली का?"

झाली. महिन्याभराने पुण्याहून कळवलं, नमुना संग्रहात दाखल झाला आहे. प्राचार्यांनी बातमी स्वतःच्या हाताने नोटीस बोर्डावर लावली, टाचण्या माझ्याच. येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबून वाचतो. त्यात लिहिलंय: शोधणारे, प्रा. प्रसेनजित तायडे. जिल्हा, बुलढाणा. कशावर आढळले: पुरुषाची पॅन्ट, टेरिकॉट, मागची बाजू.

लोक हसतात आणि मला राग येतो. राग यायचा तेवढा अजूनही येतो हो! फक्त आता मी उभ्यानेच रागावतो.