रंभामावशीचा हळदीतला फोटो

"सरकार मागेल तेवढंच द्यायचं, अनुया. एक कागद जास्त नाही, एक वाक्य जास्त नाही. आपली हुशारी घरी ठेवून जायची."

हे माझ्या सासूबाईंनी मला बजावलं होतं. सासूबाईंची अख्खी नोकरी जिल्हा परिषदेत गेली. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, यांचा काळ टाइपरायटरचा. मी एम.कॉम. झालेली बाई. माझ्या लेकीला, समृद्धीला, दात यायच्या आत तिचा नर्सरीचा ऑनलाइन फॉर्म भरून मी मोकळी झाले होते. एका पेन्शनच्या अर्जाचं ते काय!

पेन्शन रंभामावशीची होती. रंभामावशी आमच्या नवीन पनवेलच्या बिल्डिंगच्या फाटकाशी कोळंबी आणि बोंबील घेऊन बसायची. समृद्धी झाली तेव्हा मी इतकी घाबरट झाले होते, की बाळ रडलं तर डॉक्टरांना फोन आणि रडायचं थांबलं तर लगेच दुसरा फोन. शेवटी दवाखान्यातल्या बाईंनी माझा नंबर 'समृद्धी परत' या नावाने सेव्ह केला. एकदा पोर किंचाळत होती म्हणून मी तिला घेऊन फाटकापर्यंत धावले. मावशीने हात पुसले, पापलेट तोलावं तसं समृद्धीला हातावर पालथं घातलं, पाठीवर दोन थापट्या मारल्या. पोरीने एखाद्या हवालदाराला शोभेल असा ढेकर दिला आणि झोपली. तेव्हापासून मावशी माझी.

पुढे मावशीचे गुडघे गेले आणि पाटी सुटली. आता ती कोळीवाड्यात एका खोलीत एकटी राहते. शेजारच्या घरात तिचा भाचा प्रितेश. पोरका झाला तेव्हा तिनेच त्याला वाढवला. तो न्हावा शेव्याला ट्रेलर चालवतो. भाचा मायाळू आहे, पण त्याचं नुकतंच लग्न झालं होतं, आणि मावशीचं म्हणणं एकच, "नव्या सुनेपुढं गोल्यांसाटी हात पसरू काय? निराधारची पेन्शन हाय, त्येच्यात माज्या बीपीच्या गोल्या येतात. मी कोनाची मिंधी नाय."

तर त्या पेन्शनसाठी लाभार्थी हयात आहे याची दरवर्षी खात्री पटवावी लागते. मशीनवर अंगठा लावायचा. पण जन्मभर खवले काढून आणि बर्फात हात घालून मावशीचा अंगठा काचेसारखा गुळगुळीत झालेला. मशीन काही तिला ओळखेना. मग तहसील कचेरीतले म्हणाले, अर्ज ऑनलाइन करा आणि सोबत अलीकडचा, चेहरा स्पष्ट दिसणारा फोटो जोडा.

मी म्हटलं, मावशी, तू निवांत बस.

फोटो काढायला गेले तर मावशी कॅमेऱ्याकडे असं बघायची, जणू मी तिची कोळंबी शिळी म्हणाले आहे. एका फोटोत तिने डोळे मिटलेले. दुसऱ्यात समृद्धीचं बोट मावशीच्या नाकात. तिसरा बरा होता, पण पोलीस चौकीतल्या फलकावर शोभला असता. आणि मग मला आठवलं, प्रितेशच्या हळदीत मी तिचा एक फोटो काढला होता. काय सुंदर फोटो! चेहऱ्यावर उजेड, डोळे उघडे, दोन्ही कान दिसतायत, मागची भिंत पांढरी. मी तो मोठा करून तीनतीनदा तपासला. माझी नजर तशी बारीक आहे. समृद्धीच्या वरणातला मिरीचा अर्धा दाणा मी लांबून ओळखते.

एवढ्या बारीक नजरेला एकच गोष्ट दिसली नाही. फोटोत मावशीच्या अंगावर सोनं होतं. म्हणजे नुसतं सोनं नव्हे. गळ्यात ठुशी, तिच्याखाली पुतळ्यांची माळ, तिच्याखाली साज, त्याच्याखाली पोटापर्यंत लोंबणारा राणीहार, दंडात बाजूबंद, हातात कोपरापर्यंत पाटल्या आणि बांगड्या. सराफाच्या काचेतल्या पुतळ्याने लाजून मान खाली घातली असती.

मला ते दिसलं नाही याचं कारण म्हणजे त्या हळदीत सगळ्याच बायका तशा होत्या. आणि ते सोनं मावशीचं नव्हतंच. तिचं होतं-नव्हतं ते नवऱ्याच्या आजारपणात गेलं. पण त्यांच्या आळीची एक रीत आहे. नवरदेवाला जिने वाढवलं, ती हळदीला मोकळ्या गळ्याने उभी राहत नाही. आळीतली प्रत्येक बाई आपला एखाददुसरा दागिना काढून तिच्या अंगावर घालते. मी स्वतः ते पाहिलं होतं आणि पाहताना रडलेही होते. मग तोच फोटो मी निराधार बाईच्या अर्जाला जोडला.

काही दिवसांनी मावशी रिक्षाने आली. कधी लिफ्टमध्ये न बसणारी बाई लिफ्टने वर आली, तेव्हाच मला समजायला हवं होतं.

"अनू, माजी पेन्शन थांबली गो. ते म्हनतात, मी शेटीन हाय."

पत्रात लिहिलं होतं, 'लाभार्थी सधन असल्याचे छायाचित्रावरून दिसून येते. लाभ तात्पुरता स्थगित. खुलासा करावा.'

मावशीच्या पिशवीत गोळ्यांचं पाकीट होतं, त्यात शेवटची ओळ उरली होती. मी आणून देते म्हटलं, तर तिने माझ्याकडे अशी नजर टाकली, की मी पर्स परत कपाटात ठेवली.

सासूबाईंनी पत्र वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "एका ओळीत लिही. फोटो लग्नातला आहे, दागिने उसने आहेत. खाली तिचा अंगठा. बास."

एका ओळीत? एवढा मोठा घोळ आणि खुलासा एका ओळीत? मी चांगला लांबलचक खुलासा लिहिला. त्यात आळीची रीत लिहिली, रीतीमागची भावना लिहिली, आणि शेवटी जोर यावा म्हणून एक वाक्य टाकलं, 'सदर दागिन्यांच्या मालकिणी दागिन्यांसह समक्ष हजर राहण्यास तयार आहेत.'

मालकिणींना मी विचारलं नव्हतं. ते नुसतं लिहायचं म्हणून लिहिलं होतं. पण सरकार वाचतं हो! सुनावणीची तारीख आली, आणि खाली टीप, 'मालकिणींना दागिन्यांसह हजर ठेवावे.'

मी प्रितेशच्या बायकोला, भावनाला, फोन करून सगळं समजावलं. भावना गुणी मुलगी. म्हणाली, काही काळजी करू नका ताई, सगळ्यांना घेऊन येते.

मग मला वाटलं, सुनावणीत कुणी विचारलं की हे दागिने यांचेच कशावरून, तर? जाणकार माणूस हवा. म्हणून मी बाजारातल्या काशिराम सराफांना गळ घातली. ते तराजू आणि कसोटीचा दगड घेऊन यायला तयार झाले. सासूबाईंना हे मी सांगितलं नाही. का ते तुम्हाला कळलंच असेल.

सुनावणीच्या दिवशी समृद्धीला कडेवर घेऊन, मावशीचा हात धरून मी कचेरीत पोचले. थोड्या वेळाने फाटकात टेम्पो आला. आता बघा, सोनं पिशवीत घालून टेम्पोतून कुणी आणत नाही. ते अंगावरच घालायचं. सोनं अंगावर म्हटल्यावर साधी साडी चालत नाही, मग भरजरी नऊवारी आली. नऊवारी म्हटल्यावर अंबाड्यावर अबोलीचे गजरे आले. अख्खी आळी हळदीला निघाल्यासारखी टेम्पोतून उतरली. टेम्पोवाल्याला कुणी काही सांगितलं नव्हतं, त्याने सवयीने गाणं लावलेलं.

शिपायाला वाटलं मोर्चा आला. त्याने फाटक लावून घेतलं. आतले लोक खिडकीत आले. एकाने व्हिडिओ काढला, तो फिरत फिरत माझ्या नवऱ्याच्या ऑफिसात पोचला. सुशांतचा मेसेज आला, 'कचेरीवर चाल करून गेलीस म्हणे. डबा नेलायस का?'

सुनावणी घेणाऱ्या वसुंधरा मॅडम बाहेर आल्या आणि दारातच थबकल्या. "यांच्यातली निराधार कोण?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांच्या मध्ये, धुवट पातळात, काळ्या मण्याचीही पोत नसलेल्या गळ्याने मावशी उभी होती. तिला शोधावं लागलं नाही.

आत नेऊन मॅडमनी फोटो टेबलावर ठेवला. एकेक बाई पुढे यायची, दागिना काढून फोटोशेजारी ठेवायची, काशिराम शेठ बघायचे, मान हलवायचे, कारकून नोंद करायचा. ठुशी भावनाची निघाली, प्रितेशने लग्नासाठी केलेली. पुतळ्यांची माळ आणि साज आळीतल्या चंद्रावतीवहिनींचे. त्यांनी ते असे ठेवले, जणू टेबल खचेल. बाजूबंद, पाटल्या, बांगड्या, सगळ्यांना मालकिणी मिळाल्या. माझा जीव भांड्यात पडत होता. समृद्धी साजाशी खेळत होती आणि मी तिच्या तोंडात एखादा मणी जातोय का ते बघत होते.

"आणि हा?" मॅडमनी राणीहारावर पेन टेकवलं. "सगळ्यात मोठा तर हाच आहे. हा कुणाचा?"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. कोपऱ्यात हौसावहिनी उभ्या होत्या, चंद्रावतीवहिनींच्या धाकट्या जाऊ. त्यांनी पदर घट्ट लपेटून घेतला होता आणि त्यांची नजर काशिराम शेठच्या कसोटीच्या दगडावर खिळलेली होती. साप बघावा तशी.

"कुणाचाच नसेल तर लाभार्थीचा धरावा लागेल," मॅडम म्हणाल्या. "खरं सांगू, मला तसं करायचं नाहीये. पण एवढा हार असेल तर पेन्शन कायमची बंद होईल."

मावशीने हौसावहिनींकडे पाहिलं. मग मॅडमकडे. आणि शांतपणे म्हणाली, "माजाच हाय तो."

माझ्या तोंडून जे निघालं त्याने समृद्धी दचकून रडायला लागली. मी म्हटलं, मावशी, काय बोलतेस तू, तुझ्याकडे हार कुठून आला? मावशी म्हणाली, "तू गप, अनू. पोरीला बघ." कारकुनाने पेन उचललं. माझ्या डोळ्यांपुढे ते गोळ्यांचं पाकीट आलं. सासूबाईंचं ऐकून एका ओळीत लिहिलं असतं, तर आत्ता मी घरी वरण शिजवत असते.

"थांबा वो भाऊ, लिवू नका."

हौसावहिनी होत्या. पदर सोडून त्या पुढे आल्या. गळ्यातला राणीहार काढला आणि टेबलावर ठेवला.

"माजा हाय. आन खोटा हाय. बाजारातला, वन ग्रामचा. खरा इकला, मासे धरायच्या होरीच्या इंजिनासाटी. घरात सांगितला नवता." मग मावशीकडे वळून त्या रागावल्या, "आन आत्या, तुमाला कोनी सांगितलेला माजी अब्रू सांभालायला? गोल्या बंद झाल्या असत्या तुमच्या!"

"आगो, मला हलदीलाच कललेला," मावशी म्हणाली. "लय हलका व्हता. पन तुजी जाऊ उभी ना हितं."

सगळ्यांच्या माना चंद्रावतीवहिनींकडे वळल्या. आता त्या काहीतरी लागट बोलणार, अशी सगळ्यांची खात्री होती. त्या काशिराम शेठकडे बघत होत्या. शेठनी नुकताच कुठे त्यांचा साज दगडावर घासायला हातात घेतला होता.

"शेट," चंद्रावतीवहिनी घाईने म्हणाल्या, "मालकी कलली ना? मंग घासायची काय गरज हाय? ठेवा तो खाली."

मग भावनाने आपली ठुशी उचलली. दुसऱ्या दोघींनी बांगड्या उचलल्या. बघता बघता टेबल रिकामं झालं आणि प्रत्येकीला घरी काहीतरी चुलीवर ठेवल्याचं आठवलं. हौसावहिनी आधी मोठ्या जावेकडे बघतच राहिल्या, मग त्यांना जे हसू फुटलं, ते चंद्रावतीवहिनींनाही लागलं. दोघी पदर तोंडाला लावून गदागदा हलत होत्या.

मॅडमनी हाताने लिहिलं. एकच ओळ लिहिली. 'फोटो लग्नातला, दागिने उसने, लाभ पूर्ववत सुरू करावा.' सासूबाईंच्या शब्दांत, जवळजवळ तशीच. मला इतकं हायसं वाटलं, की मी काशिराम शेठच्या पाया पडले. ते घाबरून मागे सरकले.

निघताना मॅडमनी मला थांबवलं. मला वाटलं, आता बोलणी बसणार. त्यांनी दार लोटलं, आवाज खाली आणला आणि विचारलं, "तो हार बाजारात नक्की कुठे मिळतो हो?"

आता मावशीची पेन्शन सुरू आहे. अर्जाला तिचा नवा फोटो लागलाय, तोच पोलीस चौकीवाला. सासूबाई मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. फक्त परवा वाण्याच्या यादीत मी 'चांगल्या प्रतीची तूरडाळ' लिहिलं होतं, तर त्यांनी 'चांगल्या प्रतीची' खोडलं.

तुमच्याही ओळखीत अशी एखादी मावशी असेल. पूर्वी फाटकाशी बसायची, हल्ली दिसत नाही, अशी. आज जरा तिच्या घरी जाऊन या. पेन्शन आली का विचारा, गोळ्यांचं पाकीट हातात घेऊन बघा. आणि तिच्या गळ्यात काही दिसलं, तर हात लावून वजनाचा अंदाज तेवढा घेऊ नका.