शालनवैनींची मुक्कामी गाडी

शालनवैनींच्या घरी स्वयंपाक सुरू होतो तो बेल वाजल्यावर. वैनी सांडशीने पातेल्याच्या झाकणावर दोन टोले हाणतात आणि ओरडतात, "चला, गाडी सुटली!" मग सगळे हात एकदम चालू होतात. एकच टोला पडला, की सगळे जागच्या जागी थांबतात. कुणाच्या हातात लसूण असो नाहीतर बत्ता, पुन्हा दोन टोले पडेपर्यंत कुणी हलायचं नाही.

वैनी एसटीत कंडक्टर आहेत. कसबा बावड्यातल्या एका नव्या इमारतीत आमची दारं समोरासमोर. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करतो. म्हणजे दिवसभर ‘शांतता राखा’ या पाटीखाली बसायचं आणि घरी आल्यावर कुलपात किल्ली घालतोय तोवर समोरून ऐकायचं, "पुढं सरका, पुढं! आत मोकळंच हाय की!" आत म्हणजे त्यांच्या स्वयंपाकघरात. तिथं दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याने दारातूनच वास घ्यावा, एवढीच जागा.

ड्युटीच्या वेळा वेड्यावाकड्या. त्यामुळे आठवड्याचं बरंचसं खाणं वैनी रविवारीच उरकून ठेवतात. ती रविवारची सुट्टी त्यांनी भांडून मिळवलेली आहे. आणि त्या दिवशी त्यांच्या हाताखाली मोठं माणूस चालत नाही. लागतात ती पोरं. त्यांची तेजू आणि ओंकार, आमची मिथिला, शिवाय जिन्यात खेळताना सापडेल ते. लसूण सोलायचा, शेंगदाण्याचं कूट करायचं, मटकी मोडाला बांधायची, उपिटाचा रवा भाजायचा, धपाट्याचं पीठ कालवून बघायचं. जयसिंगपूरच्या फेरीतून आणलेल्या चिरमुऱ्यांचं भडंग तर दर रविवारी.

कामाची वाटणी तिकिटावर. बारा वर्षांखालचं पोर ‘हाफ’. त्याला लसूण, मटार, लाडू वळणं. बारा पूर्ण झाली, की ‘फुल’. मग हातात सुरी येते आणि समोर कांदा. तेजूला बारा पूर्ण झाली, तेव्हा वैनींनी तिला ओवाळून सुरी दिली. दोन-तीन रविवार डोळे पुसल्यावर तेजू म्हणाली, "आई, बायकांना आता हाफच तिकीट असतंय की."

 

"ती सवलत गाडीत," वैनी म्हणाल्या. "सैपाकघरात बायकांना फुलच पडतंय. चिर कांदा." मग नवऱ्याकडे वळल्या, "अन् तुमी ओ? तुमी काय पासवर हाय? घ्या एक सुरी!" तेव्हापासून आनंदरावांनाही कांदा लागला. आनंदराव लेथवर काम करतात आणि घरात फारसं बोलत नाहीत. बोलायला त्यांना स्टॉपच मिळत नाही.

तयार झालेले डबे फ्रीजमध्ये वारांप्रमाणे लावलेले असतात. सोमवारचा डबा सोमवारीच उतरणार. गुरुवारच्या डब्याला कुणी मंगळवारी हात लावला, तर तो विनातिकीट प्रवासी. एकदा मी विरजण मागायला गेलो होतो. वैनी आत गेल्या तेवढ्यात समोरच्या परातीतला एक शेंगदाण्याचा लाडू मी तोंडात टाकला. लाडू मोठा होता. तो गिळायच्या आत वैनी हजर.

"विनातिकीट!" त्या एवढ्या मोठ्याने ओरडल्या, की वरच्या मजल्यावरचे लोक जिन्यात आले. "मिथीचा बा विनातिकीट घावला! बसा खाली."

मी बसलो. समोर लसणाचा ढीग आला. सात वर्षांच्या ओंकारने मी लसणाचा पहिला गड्डा कसा फोडतोय ते बघितलं आणि कीव येऊन म्हणाला, "काका, आधी जरा चुरगाळायचं असतंय." माझी मुलगी शेजारी बसून माझ्याकडे अजिबात न बघता मटार सोलत होती. मी दिसायला ओळखीचा आहे, एवढंही तिने दाखवलं नाही.

इमारतीत यावर कुजबुज होतीच. कुणी म्हणे, पोरांना कामाला जुंपते. एका शेजारणीने तोंडावर विचारलं, तर वैनी म्हणाल्या, "अभ्यास तुमी घ्या की. पोट मी बघतो." आमच्याकडची बाई ‘मी बघते’ म्हणत नाही, ‘मी बघतो’ म्हणते. वैनींच्या तोंडी ते जास्तच शोभतं. त्या शेजारणीचा मुलगा पुढच्या रविवारी मटकी निवडत बसलेला होता.

दिवाळीनंतर वैनींना मुक्कामी गाडी लागली. राधानगरीच्या पुढे डोंगरात एक गाव आहे. दुपारी गाडी घेऊन निघायचं, संध्याकाळी तिथं पोचायचं, रात्र तिथंच काढायची आणि पहाटे पहिली गाडी घेऊन परत यायचं. आठवड्यातल्या निम्म्या रात्री घराबाहेर. रविवारचं काम वाढलं, बेलही जोरात वाजायला लागली. त्या दिवसांत त्या पोरांवर जरा जास्तच खेकसत. लाडू लहान-मोठे झाले तर पुन्हा वळायला लावत. माझी बायको कळवळून म्हणाली, "वैनी, अवघड झालं हो तुम्हाला."

"त्यात काय अवघड?" वैनी म्हणाल्या. "सगळं करून ठिवून जातोय की. नुसतं गरम करायचं अन् गिळायचं." आणि त्यांनी झाकणावर एक टोला हाणला. खरं तर त्या वेळी थांबवण्यासारखं कुणी काही करत नव्हतं.

त्या मुक्कामाच्या गावी माझी धाकटी बहीण दिली आहे. तिच्या सासऱ्यांना बरं नव्हतं म्हणून मी एकदा भेटायला निघालो. गाडी वैनींचीच. खाकी कपड्यांतल्या वैनी माझ्यापाशी आल्या आणि मी हसलो.

"बोला पावणं, कुठं?"

"वैनी, मी..."

"सुट्टं काढा."

मी पैसे दिले. तिकीट माझ्या हातात ठेवून वैनी पुढच्या सीटकडे गेल्या. जाता जाता मान न वळवता म्हणाल्या, "ड्युटीवर वळख न्हाय."

पोचलो तेव्हा अंधारायला लागलं होतं. बहिणीला सांगितलं, की गाडीवरची कंडक्टर आमची शेजारीण आहे. तर ती माझ्यावरच चिडली. "अन् तू तिला तिथं सोडून आलास? ग्रामपंचायतीच्या खोलीत एकटी बसली असंल ती. जा, जेवायला घेऊन ये."

गेलो. ड्रायव्हरची सासुरवाडी त्याच गावात होती, त्यामुळे तो तिकडे गेलेला. खोलीचं दार उघडंच होतं. वैनी सतरंजीवर मांडी घालून बसल्या होत्या. समोर डबा उघडलेला, त्यात भाकरी आणि मटकीची उसळ. पाण्याच्या बाटलीला टेकवून फोन उभा केलेला. मी हाक मारणार, तेवढ्यात वैनींनी ओठांवर बोट ठेवलं.

दिवसभर लोकांना गप्प करणारा मी, मला त्या बाईने गप्प केलं. मी उंबऱ्यावर बसलो.

फोनमधून आवाज येत होते. ताट सरकल्याचा. पातेल्यात पळी आपटल्याचा. आनंदराव खोकले. ओंकारने आमटी भुरकली, ती इतक्या जोरात, की मला इथं ठसका लागेल असं वाटलं. तेजू म्हणाली, "चटणी दे की इकडं." आणि मग आणखी एक ओळखीचा आवाज आला. "आमच्या घरी असली उसळ होतच नाही!" ही आमची मिथिला. घरी उसळ मीच करतो. पण मला तोंड उघडायची परवानगी नव्हती.

वैनी एक शब्द बोलत नव्हत्या. तिकडे घास घेतल्यासारखं वाटलं, की इकडे भाकरीचा तुकडा मोडायच्या. तिकडे कुणी पाणी प्यायलं, की यांनीही बाटली न हलवता पेल्यातलं पाणी घोटभर प्यायचं. पंचेचाळीस सीटांची भरलेली गाडी एका आवाजात पुढे सरकवणारी ती बाई, मान खाली घालून नुसती ऐकत जेवत होती.

शेवटी तिकडे भांडी उचलल्याचा आवाज झाला. कुणीतरी फोन बंद केला. वैनींनी डबा झाकला.

"काय ओ भावजी, हितं कुठं?"

"बहिणीनं जेवायला बोलावलंय तुम्हाला."

"जेवलो की. आत्ता तर उठलो समदी."

मी विचारलं, "पण तुम्ही बोलत का नाही त्यांच्याशी?"

वैनी जरा वेळ डब्याची कडी लावत बसल्या. ती लागलेलीच होती.

"पयल्या दिवशी बोललो. ओम्या घास तसाच हातात धरून ‘आई, कधी येणार, आई, कधी येणार’ करत बसला. उपाशी झोपला पोरगा. मग ह्यास्नी म्हटलं, मी बोलत न्हाय, तुमी नुसता फोन चालू करून फ्रीजवर ठेवा. पोरांना ठाव न्हाय. त्यास्नी वाटतंय, आईला हितं रेंजच न्हाय." त्यांनी फोन पिशवीत टाकला. "जेवल्याचा आवाज आला, की मलाबी घास जातोय. तुमी घरी काय बोलू नका बरं का."

मी नाही बोलणार म्हणालो. बहिणीने तूप घालून दिलेली पुरणपोळी नंतर नेऊन दिली, ती त्यांनी सकाळी पोरांना न्यायची म्हणून बांधून ठेवली.

दोन दिवसांनी घरी परतलो. मी शब्द पाळणारा माणूस आहे. पण एक गोष्ट मला सलत होती. मिथिलाला जवळ बोलावून म्हणालो, "तू समोर जेवायला जातेस ते जा. पण आमटी भुरकायची, पळ्या आपटायच्या, ही काय पद्धत आहे जेवायची? घरी तर तू अशी जेवत नाहीस."

तिने माझ्याकडे बघितलं. मग दाराकडे बघितलं. आणि अगदी हळू आवाजात म्हणाली,

"बाबा, फ्रीजवर काका फोन चालू ठेवतात. काकू ऐकत असतात. त्यांना वाटतं, आम्हाला माहीत नाही. तुम्ही सांगू नका हं. पण तिकडं रेंज कमी असते ना, म्हणून आम्ही सगळे जरा मोठ्यानं जेवतो."