वाघमारे सरांचा लातूरचा दिवा

आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे वाघमारे सर पाहुण्याला पाणी विचारण्याआधी त्याचा कॉम्प्युटर विचारतात. "सिस्टिम कोणती हाय तुमच्याकडं?" विंडोज म्हटलं की पाणी मिळतं, लिनक्स म्हटलं की चहा. आणि सफरचंदवालं मशीन आहे असं कुणी चुकून बोलला, तर त्याला जेवल्याशिवाय सोडत नाहीत.

असा माणूस अख्ख्या नांदेडात शोधून सापडायचा नाही, आणि तो नेमका माझ्या डोक्यावर राहायला आला. सर कॉम्प्युटर शिकवून निवृत्त झाले, शिकवणं मात्र सुटलेलं नाही. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी यूएसबीचा बोटभर दिवा असतो. उमरीला एका लग्नात फोटोग्राफरच्या लॅपटॉपवर सफरचंद दिसलं आणि सर दिवा काढून त्याच्या मागे लागले. "दोनच मिनिटं. लावून बघतो फक्त." स्टेजवर नवरानवरी हार घेऊन ताटकळलेले आणि फोटोग्राफर सरांपुढे हात जोडून उभा.

या दिव्याचं प्रकरण असं. सरांची एकुलती मुलगी सुजाता लातूरला कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवते. सरांनी ब्राउझरसाठी स्वतः एक एक्स्टेन्शन, म्हणजे छोटासा जोडप्रोग्राम लिहिला. ती तिकडे कॉम्प्युटर उघडून बसली की इकडे सरांच्या टेबलावरचा असाच एक दिवा लागतो. सर बसले की तिच्या टेबलावरचा. निरोप नाही, फोटो नाही, बाकी काहीच नाही.

"त्यापेक्षा फोन करा की," मी एकदा म्हणालो.

"करतो ना. जेवली का? हाव. तुम्ही जेवले का? हाव. झालं. तिची आई होती तवा तीच बोलायची, आमी दोघं ऐकायचो."

रविवारी दुपारी मी वर जाऊन बसतो. गोदावरीकडून वारा येतो, पडदा हलतो, सर अर्धवट डोळे मिटून त्या पिवळ्या ठिपक्याकडे बघत असतात. मलाही गुंगी येते. लातूर लांब आहे असं वाटतच नाही. शेजारच्या खोलीत कुणीतरी पेपर तपासत बसलंय आणि थोड्या वेळाने चहा विचारायला येईल, असं वाटत राहतं.

मग क्लासने सुजाताला नवं मशीन दिलं, सफरचंदवालं. सरांचा दिवा लागत राहिला, तिचा बंद पडला.

"असं कसं?" मी विचारलं.

"एक्स्टेन्शन ब्राउझरच्या आत ऱ्हातं. दिव्याला हात लावायची त्याला परवानगी न्हाई. त्यासाठी बाहेर प्लगइन बसवावं लागतं. आतलं कुठंबी चालतं, बाहेरचं ज्या त्या सिस्टिमचं येगळं. माझं विंडोजचं हाय." सरांनी बोटाने दिव्यावरची धूळ पुसली. "म्हंजे ती बसली की मला दिसतं. मी बसलो ते तिला दिसत न्हाई. आन तिनं इचारलं बी न्हाई."

दिवाळीत माझा भाचा पुण्याहून आला, तो काखेत नेमकं तेच मशीन घेऊन. त्याची सगळी सुट्टी सरांनी त्या मशीनचं प्लगइन बनवण्यात खाल्ली. दिवा लागला तेव्हा सरांनी त्याच्या तोंडात अख्खा पेढा कोंबला. पेढा गिळून भाचा म्हणाला, "सर, हे इथे बनवलं म्हणून इथे चाललं. ताईंचं मशीन अडवणार. बनवणारा ओळखीचा नाही म्हणेल. सेटिंगमध्ये जाऊन त्यांना स्वतः परवानगी द्यावी लागेल. फोन करून सांगा."

सरांनी हातातला पेढा खाली ठेवला. "ज्या पोरीला बोट धरून चालाय शिकवलं, तिचं मशीन म्हनतंय वळख न्हाई." मग म्हणाले, "न्हाई सांगनार. सांगितलं तर बापाचं ऐकायचं म्हनून करंल. तिला पायजे असलं तर तीच खटपट करंल."

प्लगइन लातूरला गेलं. त्यानंतर सरांनी पाहुण्यांना सिस्टिम विचारणं सोडलं. येईल त्याला मुकाट पाणी द्यायला लागले. मला ते बघवेना.

एका संध्याकाळी वर गेलो. सर इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून कॉम्प्युटरसमोर बसलेले, जणू तिकडून कुणी बघतंय. त्यांचा दिवा लागलेला होता. मी खुर्ची ओढली तेवढ्यात फोन वाजला. सरांना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांनी स्पीकर लावला.

"पप्पा, दिवा लागला."

"लागला का? बरं."

"किती दिवस बंदच होता. तुमचं प्लगइन येईपर्यंत मला वाटत होतं, तुम्ही बसणंच सोडून दिलं. विचारायची भीती वाटली."

सर फोनच्या आणखी जवळ सरकले. "न्हाई गं बाई. रोज बसूनच राहिलो ना मी."

मग दोघंही गप्प झाले. पण फोन कुणीच ठेवला नाही. मी दार हळूच लोटून खाली आलो.