सात नंबरचे बटण

ब्रॉनविन कीओ या बाईंचे पत्र मार्चमध्ये आले आणि अल्विन पेनरोजांनी ते बिस्किटांच्या डब्याला टेकवून उभे केले. चहाच्या वेळी नजरेस पडेल आणि उत्तर लिहून होईल, असा हेतू होता. चहा रोज होत होता, पत्र रोज नजरेस पडत होते. जून उजाडला, दक्षिण गोलार्धातली कडाक्याची थंडी पडली, तरी उत्तर काही लिहून झाले नव्हते.

पत्र साधे होते. नदीकाठच्या जुन्या प्राणीसंग्रहालयात मोठे फेरबदल चालले आहेत. हत्ती शहराबाहेरच्या मोकळ्या रानात गेले, पाणघोडी गेली, कासवांना नवी जागा मिळाली. पूर्वी तुमच्या आवाजातली माहिती बटण दाबले की प्रत्येक पिंजऱ्यापाशी ऐकू येत असे. ती आता जुनी झाली. तुम्ही नवी सांगाल का? जुनी पुसून तिथे ती घालता येईल. हो किंवा नाही, कृपया कळवावे.

त्या 'हो किंवा नाही'पाशीच पेनरोजांचे पाणघोडे अडले होते. ते शहरातल्या वर्तमानपत्रात मुद्रितशोधक होते. जन्मभर दुसऱ्यांची वाक्ये तपासल्यामुळे स्वतःचे एकही वाक्य त्यांना पसंत पडत नसे. 'हो' लिहिले की ते उद्धट दिसे. 'नाही' लिहिले की त्याहून उद्धट दिसे.

खरे कारण मात्र वेगळे होते. त्यांची बायको मावीस प्राणीसंग्रहालयात हौसेने काम करायची आणि तिनेच परस्पर सांगून टाकले होते, "माझ्या नवऱ्याला सगळे प्राणी पाठ आहेत, तो सांगेल." यंत्रासमोर बसल्यावर पेनरोजांच्या तोंडून शब्द फुटेना. मग मावीस विणकाम घेऊन त्यांच्यासमोर बसली आणि त्यांनी सगळे प्राणी तिला सांगितले. पाणघोडीच्या वेळी त्यांचा आवाज फारच खाली गेला, तेव्हा ती सुया न थांबवता म्हणाली, "मोठ्यानं, अल्विन." ते दोन शब्द काढून टाकायचे राहून गेले. मावीस जाऊन तीन वर्षे झाली होती. तिचा आवाज आता जगात तेवढ्या एकाच ठिकाणी उरला होता, सात नंबरच्या बटणाखाली. 'हो' म्हणजे तो पुसायची परवानगी.

फेरबदलांसाठी बंद ठेवलेले प्राणीसंग्रहालय पुन्हा उघडले त्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या डॅरिलने कुंपणावरून हाक मारली.

"अल्विन, आहेस का घरात? काल नातीला घेऊन गेलो होतो तुझ्या प्राण्यांकडे. तुझा आवाज ऐकला."

"माझा?"

"तुझाच की. समोर वीतभर जनावर उभं, आणि तू सांगतोयस, हिचं वजन तीन टन. जावई अजून हसतोय."

पेनरोजांनी हातातला कप खाली ठेवला. उत्तर आले नाही म्हणून जुनाच आवाज जुन्याच नंबरांवर चढवला गेला होता, हे त्यांच्या ध्यानात आले. नंबर तेच होते, प्राणी बदलले होते. कधी स्वल्पविराम चुकू न दिलेला माणूस भर शहरात तीन टनांनी चुकला होता. त्यांनी टोपी घातली, गळपट्टा गुंडाळला आणि ट्राम पकडली. कुणाला न दिसता कचेरीत जायचे, क्षमा मागायची आणि परत यायचे, एवढाच बेत होता.

पण दारातून आत जाताच ते क्षणभर क्षमाही विसरले. पणजोबांच्या काळातला सिंहांचा लोखंडी पिंजरा तसाच उभा होता, कारण जुने बांधकाम पाडायला कायद्याची मनाई. मात्र त्याची दारे सताड उघडी होती, आत बाके होती, आणि बाकांवर माणसे बसून खात होती. पिंजऱ्याच्या वरून जाळीची लांब वाट गेली होती. तिच्यातून माकडे झाडावरून झाडावर आरामात जात होती आणि जाता जाता पिंजऱ्यातल्या माणसांकडे वाकून बघत होती. एका माकडाने तर आपल्या पिल्लाला खालचे दृश्य दाखवायला धरून ठेवले होते. पेनरोज लहानपणी याच पिंजऱ्यासमोर, फेऱ्या घालणाऱ्या सिंहाकडे बघून रडले होते. ज्याला हे सुचले त्याला एकदा भेटले पाहिजे, असे त्यांना वाटले. अर्थात भेटून बोलणार काय, हा प्रश्न होताच.

एवढ्यात त्यांना स्वतःचा आवाज ऐकू आला.

"तिनं सोंड तुमच्या खिशात घातली तर घाबरू नका. ती शेंगदाणे शोधते आहे."

हत्तींच्या अंगणात आता वाळू, खडक आणि ऊन होते. खडकांवर मुंगसाच्या जातीची मीरकॅट मागच्या पायांवर उभी राहून पहारा देत होती. कठड्यापाशी एक बाप आपल्या मुलींना सांगत होता, "नीट बघा, सोंड कुठंतरी असणारच. माणूस अभ्यासू वाटतोय."

पेनरोज लगबगीने पुढे झाले आणि कुणाला बटण दाबता येऊ नये म्हणून त्या खांबाला पाठ लावून उभे राहिले. बटण नेमके पाठीच्या उंचीवर होते.

"हिचं वजन तीन टन," त्यांच्या कोटातून आवाज आला, "पण चालताना पावलं वाजत नाहीत."

मुली त्यांच्या पायांकडे बघू लागल्या. पेनरोज तिथून जे निघाले ते थेट पाणघोडीच्या तळ्यावर जाऊन थांबले.

इथे ते यायचे टाळत होते. जुने गढूळ सिमेंटचे तळे त्यांना आठवत होते. त्याच्या जागी आता स्वच्छ, खोल पाणी होते, समोर काचेची भिंत होती, आणि पाण्यात छोटे निळसर पेंग्विन तीरासारखे सुटत होते. किनाऱ्यावर जखमी सापडलेल्या पेंग्विनांना इथे आणून ठेवले होते. एकाचा पंख अर्धाच होता. तो जरा तिरका पोहत होता, पण मागे पडत नव्हता. खांबावर सातचा आकडा होता.

पेनरोजांनी इकडेतिकडे पाहिले आणि बटण दाबले.

"ही दिवसभर पाण्यात असते," त्यांचाच पुटपुटता आवाज आला. मागे सुयांची बारीक टकटक होती. "जांभई दिली की तिचे दात…" आणि मग, अगदी जवळून, "मोठ्यानं, अल्विन."

त्यांनी पुन्हा दाबले. मग पुन्हा. पाठीमागे रांग लागली तेव्हाही ते दाबतच होते.

"आजोबा," एक धिप्पाड रखवालदार अदबीने म्हणाला, "बाकीच्यांनाही जरा दाबू द्या की. काही हवंय का तुम्हाला?"

पेनरोजांनी तोंड उघडले आणि मिटले. बोलले असते तर आवाज ओळखला गेला असता. त्यांनी मान हलवली.

"बोलता येत नाही का तुम्हाला?"

खोटे बोलणे पेनरोजांना जमत नसे. पण हे बोलणेच नव्हते. त्यांनी पुन्हा मान हलवली, आणि ती कशी हलली ते त्यांनाही कळले नाही. रखवालदाराचा चेहरा एकदम मऊ झाला. "थांबा हं. आमच्या मिआला हातांची भाषा येते."

मिआ तिकीटखिडकी सोडून धावत आली आणि हातांनी भराभर काही विचारू लागली. आपल्यासाठी कुणी एवढे धावत यावे आणि आपण हातही हलवू नये, हे पेनरोजांना असभ्य वाटले. त्यांनीही जमेल तसे हात हलवले.

मिआच्या भुवया आक्रसल्या. "एक तर हे म्हणतायत की मी अंडं आहे, नाहीतर यांना अंडं हवंय."

"हवंच असणार," रखवालदार म्हणाला. "सकाळपासून उपाशी दिसतायत बिचारे."

अशा रीतीने पेनरोजांची रवानगी उपाहारगृहाच्या व्हरांड्यात झाली. समोर अंड्याचे सँडविच आले आणि रखवालदार आपुलकीने शेजारी बसला. लांब टेबलाभोवती पांढऱ्या पोशाखातल्या सात-आठ म्हाताऱ्या केक खात होत्या. गवतावर चेंडू घरंगळवण्याचा खेळ खेळणाऱ्या बायकांचे ते मंडळ होते. व्हरांडा नवा होता. पेनरोजांनी खांबावरचा आकडा पाहिला आणि सँडविच खाली ठेवले. इथे पूर्वी कासवे होती. एक मुलगी बटणापाशी पोहोचली होती.

"यांना इथे येऊन शंभर वर्षं होत आली," आवाज आला. "कातडी सुरकुतलेली, पण नजर चलाख. सावकाश चालतात, सावकाश खातात. कृपया त्यांना डिवचू नये."

टेबलावर सगळे काटे थांबले.

"काय म्हणाला तो?" मधोमध बसलेल्या बाईंनी विचारले. या स्टाव्रूला कनारिस, मंडळाच्या अध्यक्षा. लग्न होऊन ग्रीसहून या शहरात आल्या त्याला आता जमाना झाला होता, आणि त्यांना ऐकू कमी येई.

शेजारणीने त्यांच्या कानात सगळे सांगितले. स्टाव्रूलाबाई उठल्या. "कोण आहे तो? समोर आणा त्याला."

"कुणीतरी वारलेला वाटतो," शेजारीण म्हणाली. "आवाज किती जुना आहे."

पेनरोजांना पळून जाता आले असते. पण छापलेल्या चुकीची जबाबदारी घ्यायची सवय जात नाही. ते उभे राहिले. "मी," ते म्हणाले. "चूक माझी आहे. मला क्षमा करा."

"अहो, तुम्हाला बोलता येतं?" रखवालदाराच्या हातून मीठदाणी पडली. "मग ते अंडं?"

"काय म्हणतोय हा?" स्टाव्रूलाबाईंनी कानामागे हात धरला. "मोठ्यानं बोल."

'मोठ्यानं' असे गेल्या तीन वर्षांत पेनरोजांना कुणी म्हटले नव्हते. त्यांनी छाती भरून श्वास घेतला.

"ते कासवांबद्दल होतं!" ते ओरडले. माकडांच्या वाटेवर क्षणभर शांतता पसरली. "तुमच्याबद्दल नव्हतं."

"मग तसं सांग की. शंभर वर्षं म्हणालास ते चालेल, माझी सून रोजच म्हणते. पण सावकाश खातात म्हणालास ते साफ खोटं आहे." आणि त्यांनी रिकाम्या बशीकडे बोट दाखवले.

तोवर ब्रॉनविन कीओ धापा टाकत आल्या होत्या. पत्र लिहिणाऱ्या बाई त्याच. त्यांनी हातातल्या फोनवरून सगळी बटणे बंद करायला सांगितली. "मिस्टर पेनरोज, तुम्हीच ना? तुमच्याकडून नाही असं आलं नाही, म्हणून आम्ही हो समजलो. पण हो असंही आलं नव्हतं, मग जुनंच ठेवलं. चुकलं आमचं. आजच पुसून टाकते सगळं."

"पुसू नका," पेनरोज म्हणाले, पण ते कुणाला ऐकू गेले नाही. कारण व्हरांड्यात तक्रार सुरू झाली होती. बटणे बंद कशाला केली? एवढी मजा येत होती. सोंड शोधणारा बाप म्हणाला, तो सकाळपासून मीरकॅट बघतोय, एरवी एका मिनिटात निघून गेला असता.

स्टाव्रूलाबाईंनी पेनरोजांचा दंड धरला. "यंत्र बंद झालं तर झालं. माणूस चालू आहे ना? चल, दाखव आम्हाला. आणि मला ऐकू येईल असं सांग."

"पण मला हे नवे प्राणी माहीत नाहीत."

"काय?"

"मला माहीत नाहीत!"

"मग बघ आणि सांग. डोळे आहेत ना?"

पेनरोजांना यंत्राशी बोलायचे नव्हते, गर्दीशीही नव्हते. फक्त एका बाईला सांगायचे होते, आणि ते त्यांना पूर्वी एकदा जमले होते. मीरकॅटांपाशी त्यांनी सांगितले की एकजण पहारा देतो म्हणून बाकीचे निर्धास्त जेवतात. "आमच्याकडे तो पहारा मी देते," स्टाव्रूलाबाई म्हणाल्या, "आणि जेवतेही." सिंहांच्या जुन्या पिंजऱ्यापाशी पेनरोजांनी लहानपणी रडल्याचे सांगितले, तेही मोठ्याने, आणि ब्रॉनविनबाईंना म्हणाले, "दारं उघडी ठेवायचं ज्यांना सुचलं, त्यांना माझा नमस्कार सांगा."

"मलाच सुचलं ते," ब्रॉनविनबाई म्हणाल्या आणि लाजल्या. दोन लाजाळू माणसे थोडा वेळ पिंजऱ्याच्या गजांकडे बघत उभी राहिली.

तळ्यापाशी आल्यावर पेनरोज काचेजवळ वाकले. मग म्हणाले, "तो अर्ध्या पंखाचा बघा. तिरका पोहतो, पण ज्या बाजूला पंख नाही त्या बाजूला दुसरा एक कायम असतो."

"कोण कायम असतं?" स्टाव्रूलाबाईंनी विचारले.

"सोबतीण असेल. नक्की सांगता येत नाही," पेनरोज म्हणाले. मग आवाज चढवून म्हणाले, "सोबतीण!"

निघताना ब्रॉनविनबाईंनी विचारले, "मग नवं सांगाल ना? हो की नाही?"

"पत्रानं कळवतो."

"मिस्टर पेनरोज," त्या हताशपणे म्हणाल्या, "पुन्हा पत्रानं?"

घरी येऊन त्यांनी चहा केला, बिस्किटांच्या डब्यापाशी बसले आणि एका दमात लिहिले: 'हो. फक्त माझ्यासमोर कुणीतरी बसायला हवं, शक्यतो कमी ऐकू येणारं. श्रीमती कनारिस येते म्हणाल्या आहेत. सात नंबरवरचं माझं बोलणं जरूर पुसावं, मध्ये आलेले दोन शब्द मात्र तसेच ठेवावेत. ते कुठल्याही प्राण्याला चालतील.'

कोपऱ्यावरच्या लाल पेटीत पाकीट पडल्याचा आवाज आला, आणि तेवढ्यात त्यांना आठवले की 'हवं'नंतरचा स्वल्पविराम घातला की नाही याची खात्री नाही. त्यांनी पेटीच्या फटीत बोटे घालून पाहिली. पाकीट लागले नाही.

"राहू दे," पेनरोज म्हणाले. ते इतक्या मोठ्याने म्हणाले की पलीकडच्या कुंपणावरून डॅरिलने डोके वर काढले.