विश्वजितच्या पोटाचं ऑपरेशन

कोपरखैरण्याच्या विश्वजितला लघवी करताना त्रास होत होता. शिश्नाच्या टोकावरची कातडी लहानपणापासून आवळलेली, ती मागे सरकत नसे. अलीकडे तिला भेगा पडू लागल्या होत्या, सूज येत होती आणि दुपारी पाणी प्यायचीसुद्धा त्याला भीती वाटू लागली होती. वैद्यकशास्त्रात या प्रकाराला नाव आहे, त्यावर मलम आहे आणि मलमाने न भागल्यास लहानसं ऑपरेशनही आहे. म्हणजे या आजारावर सगळी सोय होती, फक्त तो कुणाला सांगायची सोय नव्हती.

विश्वजित सव्वीस वर्षांचा, तुर्भ्याच्या एका कंपनीत सुपरवायझर. वैशाखात त्याचं लग्न ठरलं होतं. मुलगी राजनंदिनी ऐरोलीची. साखरपुड्यानंतर दोघं टेलिफोन बूथवरून दोनदा बोलली होती आणि विश्वजितला ती फार आवडली होती. म्हणून लग्नाआधी बरं व्हायचं त्याने ठरवलं आणि तो दवाखान्यात निघाला. इथेच त्याचं चुकलं, कारण निघताना आईने, राजाबाईने, त्याला पाहिलं.

साताऱ्याकडच्या मंडळींत दवाखान्यात एकट्याने जाणं म्हणजे गाव मेलं असं समजणं. त्यासाठी कोपरखैरण्यात 'कोयनाकाठ मित्रमंडळ' होतं आणि विश्वजितचे चुलते शहाजीआबा त्याचे अध्यक्ष होते. आजारी माणसासोबत जाणे, डॉक्टरांपुढे बसणे आणि आजाराची माहिती सर्व सभासदांना वेळेवर पुरवणे, ही मंडळाची उद्दिष्टे होती. राजाबाईने हाक मारली आणि आबा चपला घालून हजर झाले.

डॉक्टरांची केबिन म्हणजे खांद्याएवढ्या उंचीची एक प्लायवूडची फळी. बाहेरचे पेशंट आतलं निदान मन लावून ऐकत. आबा शेजारच्याच खुर्चीत बसले.

"काय होतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

विश्वजितने आबांकडे पाहिलं, फळीवरून डोकावणाऱ्या दोन डोक्यांकडे पाहिलं.

"पोटात दुखतंय."

"कुठं?"

"खाली."

"किती खाली?"

आबा खुर्ची सरकवून पुढे झाले.

"तितकं नाही," विश्वजित घाईने म्हणाला.

संध्याकाळपर्यंत त्याचं पोट सेक्टरभर झालं. औषधांनी गुण येईना, कारण औषधं पोटासाठी होती. मग रक्त तपासलं, फोटो काढले, सोनोग्राफी झाली. सगळे रिपोर्ट नॉर्मल आले तेव्हा मंडळाच्या तोंडचं पाणी पळालं.

"काईच सापडंना," आबा गंभीरपणे म्हणाले, "म्हंजी आजार लई खोल हाय."

मंडळाने तरुणांच्या समस्यांवर आरोग्य शिबिर भरवलं. पाहुण्या डॉक्टरांनी पालेभाज्यांचं महत्त्व सांगितलं आणि "तरुणांनी मोकळेपणाने प्रश्न विचारावेत," असं आवाहन केलं. विश्वजित मन घट्ट करून उठला. सगळं सभागृह मागे वळलं.

"सर, शेंगदाणे खाल्ले तर चालतात का?" त्याने विचारलं.

उत्तराला टाळ्या पडल्या.

अखेर वाशीच्या एका सर्जनकडे अपेंडिक्स काढायचं ठरलं. अपेंडिक्सविरुद्ध पुरावा काही नव्हता, पण काहीतरी काढल्याशिवाय मंडळ ऐकणार नव्हतं आणि विश्वजितकडे नाही म्हणायला एकच कारण होतं, जे सांगता येत नव्हतं. त्याला भूल दिली. लघवीची नळी घालताना सर्जनना खरा आजार दिसला. अपेंडिक्स काढून ते बाहेर आले, बोलायला तोंड उघडलं आणि समोर व्हरांडाभर मंडळ पाहिलं. बायकाही होत्या.

"अपेंडिक्स काढलं," ते म्हणाले. "तसं ते चांगलं होतं."

"चांगलं हुतं तवाच काढलं ते बरं झालं," आबा म्हणाले. "सडल्यावर काढून काय उपेग?"

दुसऱ्या दिवशी सर्जननी खोलीचं दार लावलं आणि विश्वजितला हळू आवाजात सगळं समजावलं. मलम लिहून दिलं, कातडी जोर करून ओढायची नाही म्हणून बजावलं. सैल झालीच नाही तर छोटं ऑपरेशन, संध्याकाळी घरी.

"आधी सांगितलं असतंस तर पोट कापायची वेळ आली नसती."

"मग काल बाहेर तुम्ही का नाही सांगितलंत?"

सर्जननी चष्मा काढून पुसला. "बाहेर लेडीज होत्या रे."

मलमाने महिनाभरात चांगलाच फरक पडला. पण तोवर पोटाची बातमी ऐरोलीला पोचली होती आणि वाटेत तिने बाळसं धरलं होतं. राजनंदिनीचे वडील हौसेराव मुलीला घेऊन आले. मंडळ आधीच येऊन बसलं होतं.

"जावयाची निम्मी आतडी काढली म्हनं," हौसेराव म्हणाले. "असल्या पोटाला पोरगी कशी द्यायची? सुपारी परत घ्या."

"आता प्वाट एकदम मोकळं हाय," आबांनी बाजू सावरली.

विश्वजितने राजनंदिनीकडे पाहिलं. ती खाली मान घालून ओढणीचं टोक पिळत होती. ती उठून गेली की परत येणार नाही, हे त्याला स्वच्छ कळलं. मग तो उभा राहिला आणि त्याने सगळं सांगितलं: कातडी, सूज, लघवी, मलम. अवयवाचं नावसुद्धा घेतलं.

राजाबाई दूध उतू जातंय म्हणून आत पळाली. गॅसवर काहीच नव्हतं. आबांचा चहा बशीतच राहिला.

"बायामानसांत ह्ये बोलतुयास?" ते ओरडले.

"एवढंच व्हय?" राजनंदिनी म्हणाली. "मलमानं गुण येतोय का?"

"येतोय."

"मग तारीख कशाला हलवायची?"

लग्न ठरल्या दिवशी होणार, हे पक्कं झालं. मंडळाने मात्र त्याच आठवड्यात ठराव केला. घरात स्त्रिया उपस्थित असताना स्वतःचा आजार जसा आहे तसा सांगितल्याबद्दल विश्वजितचं सभासदत्व स्थगित करण्यात आलं. ठराव एकमताने मंजूर झाला.

त्यानंतर कंपनीच्या गेटबाहेर त्याला माणसं भेटू लागली. एकेकटी. मंडळाच्या सेक्रेटरींना त्या सर्जनचा पत्ता हवा होता, चुलतभावासाठी. खजिनदारांना मेव्हण्यासाठी. हौसेरावांना शेजाऱ्याच्या पोरासाठी. मलमाचं नाव मात्र सगळ्यांनी पाठ करून नेलं. एवढे नातेवाईक आजारी आणि मंडळ मात्र ठणठणीत.

शेवटी शहाजीआबा आले. पानटपरीच्या आडोशाला उभे राहिले.

"एक दोस्त हाय माझा," ते म्हणाले. "त्येच्या पोटात दुखतंय. खाली."

"किती खाली, आबा?"

आबांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. कोणी नव्हतं, तरी ते टपरीला आणखी चिकटले. विश्वजितने त्यांना पत्ता दिला.

तो पत्ता इथेही देणार होतो, पण संपादक म्हणाले, आपला अंक घरात वाचला जातो. तेव्हा तुमच्या त्या मित्राला एवढंच सांगा, की साध्या डॉक्टरकडे जा आणि पोट म्हणू नकोस. आणि आत्ता हे पान वाचताना, मागे कोणी उभं तर नाही ना, म्हणून वळून पाहिलं, तेही तुमच्या मित्रानेच.